कोमलला घातलेली शपथ

माझं माहेर कळवणच्या पुढं, पार डोंगराच्या अंगाला, बाप गावात दळणाच्या गिरणीवर होता, अंगभर पीठ घेऊन घरी यायचा, अन् माय, काय सांगू तुम्हाला ताई, माय लय कडक. मी वयात आले तशी मायनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली अन् झंपराच्या आतनं माझ्या छातीला करकचून बांधली. म्हणली, छाती पुढं काढून चालायचं नाय, खाली मान घालून चालायचं, लोकांच्या नजरा वाईट असत्यात. शाळेत धाप लागायची, पण बोलायचं कुणापाशी? रात्री सोडली की वळ उठलेले. म्हणून माझे खांदे बघा, आजबी पुढंच हायेत, कितीबी सरळ बसले तरी घडीभरात पुन्हा वाकते.

आता हसू येतं. पोरगी असली की म्हणत्यात झाक. लग्न झालं की म्हणत्यात जरा नीटनेटकी रहा, नवऱ्याला दिसली पाहिजे. अन् दोन लेकरं झाली की म्हणत्यात उतरली, सैल पडली. अरे मंग बाईनं करावं तरी काय? कुठं नेऊन ठेवावी ती छाती?

लग्न करून नाशकात आले. मालक ओझरला, तिथल्या मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडं रंगकामाला होते. आता घरी असत्यात, दम लागतो, जास्त बोलत नायत. महेश झाला, मागनं एक पोर झाली ती राहिली नाय. मंग घर चालवायला मी इंदिरानगरला एका दुकानात लागले, बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान. मालकिणीला सगळे भाभी म्हणायचे, तिनंच मला शिकवलं. दुकानात बोलताना मी आहे-नाही करते बरं का, एकदम शहरातली, घरी आले की जीभ पुन्हा कळवणला जाते.

अन् गिऱ्हाइकं बघावीत तर एकेक! नवरा बरोबर असला तर तो बाहेर गाडीवर बसून मोबाईलात डोकं घालणार, अन् आत बाई येऊन काय म्हणणार, ते द्या. ते म्हणजे काय गं बाई? मिरच्या घ्यायच्या तर चार गाड्यांवर भाव करंल, अन् इथं तोंडातनं शब्द निघत नाय. माप विचारलं तर लग्नातलं माप सांगणार. लग्नाला झाली पंधरा वर्सं, मधी दोन बाळंतपणं, वजन चढलं, उतरलं, अन् ही अजून त्याच मापात अंग कोंबती, वर म्हणणार, मावशी, घट्ट द्या म्हणजे वर राहतं. अगं, घट्टानं वर राहत नाय, श्वास कोंडतो अन् खांद्याला चर पडतात. खालची पट्टी नीट मापाची पायजे, भार तिनं घ्यायचा, खांद्याच्या पट्ट्यांनी नाय. हे मी रोज सांगते, घसा बसंपर्यंत सांगते. पण घरात काय चाललंय ते मला दिसायला उशीर झाला. दिव्याखाली अंधार म्हणत्यात तसं.

महेशचं लग्न झालं. सून कोमल, सटाण्याकडची. आली तेव्हा एवढं मोठ्यानं हसायची की शेजारची वंदना भिंतीपलीकडनं विचारायची, काय गं, काय झालं, मला बी सांग की. मला आवडायचं ते. घर कसं भरलेलं वाटायचं. वर्सा-दीड वर्सात ओवी झाली, माझी नात. अंगावरचं दूध भरपूर, पोरगी कशी गुटगुटीत.

मंग एकदा नात्यातली हळद होती. कोमलनं बाळंतपणाच्या आधीचं पोलकं घातलं, ते नीट बसंना. आरशापुढं उभी होती. अन् माझा लेक, माझ्याच पोटचा, भांग पाडता पाडता हसत म्हणतो कसा, काय गं, सगळं खालीच आलं की तुझं, पोरीनं पार पिशवी करून टाकली.

मी स्वयंपाकघरात होते, पोळपाट तसाच टाकून बाहेर आले. म्हणलं, लाज वाटती का मेल्या, तुलाबी त्याच पिशवीनं पोसलंय. तर म्हणतो, आई, मस्करी केली, तू कशाला मनावर घेतीस. मी नव्हतं घ्यायचं मनावर, जिला लागलं तिनं घेतलं. त्या दिवसापासनं तिचं हसू गेलं बघा. हळदीच्या घरी सुद्धा पदर दोन्ही खांद्यांवरनं गुंडाळून कोपऱ्यात बसून राहिली.

मी तिला म्हणलं, चल दुकानात, नीट माप घेते, चांगलं देते. ती म्हणली, नको आई. बरं म्हणलं. वाटलं, सासू हाय मी, माझ्यापुढं लाजत असंल.

त्याच्यापाठी संक्रांत आली. वंदनाकडं हळदीकुंकू होतं, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका. तिथं वंदनानं एक बाई बोलावलेली, पार्लरवाली, सगळे तिला मॅडम म्हणत होते. गोरीपान, गोड बोलणं, प्रत्येकीला ताई, वहिनी. तिनं वाण म्हणून सगळ्यांना एकेक बाटली वाटली तेलाची. म्हणली, बाळंतपणानंतर अंग सैल पडतं ना, रात्री चोळायचं, महिन्यात घट्ट. मी तोंड वाकडं केलं. पण ताई, वाण हाय ते. सवाष्णीनं हळदकुंकू लावून पदरात घातलेलं वाण, ते परत करत नायत अन् फेकत बी नायत. माझी बाटली मी फळीवर टाकली. कोमलनं तिची उघडली.

घरात वास सुटायला लागला. कापरासारखा, पण कापूर नाय. रात्री तिच्या खोलीतनं यायचा, सकाळी ओवीच्या दुपट्याला यायचा. अन् पोरगी अंगावर घेतली की तोंड फिरवायला लागली. ज्या पोरीला दूध म्हणलं की जग दिसत नव्हतं, ती रडायची, पाय झाडायची, पण तोंड लावायची नाय. मी म्हणलं, कोमल, त्या तेलानं होतंय हे, पुसून घे, धुऊन घे. तर म्हणली, बरंच हाय आई, अंगावरचं सुटंल, पाजूनच तर उतरतं. अन् बाटलीचं दूध सुरू केलं. मलाबी तेव्हा वाटायचं की पाजूनच उतरतं, सगळ्या जगाला वाटतं तसं, म्हणून मी पुढं काय बोलले नाय.

तेलानं काय झालं नाय. कसं होईल? मंग ती दर गुरुवारी दुपारी बाहेर जायला लागली. म्हणायची, मैत्रिणीकडं जाते. वंदना अन् ती, दोघी मिळून जायच्या. जाताना ओवीला माझ्याकडं द्यायची अन् देताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहायची, तशीच, काय न बोलता. मला ते बरं वाटायचं नाय. का ते सांगता यायचं नाय.

एका गुरुवारी आली ती खुश होती. लय दिवसांनी आरशापुढं उभी राहिली. मी म्हणलं, देवा, काय का असंना, पोरगी हसली. पण दोनच गुरुवार गेले असतील, ती घरात बी ओढणी घ्यायला लागली. उन्हाळा सुरू झालेला, पंखा पुरत नव्हता, अन् ही ओढणी घट्ट लपेटून. ओवी धावत येऊन मांडीवर चढायला गेली की हात पुढं करून अडवायची. पोरीला वाटायचं खेळ हाय, ती पुन्हा जायची, अन् कोमल एकदम ओरडायची, दूर हो! लेकरू भेदरायचं.

मी विचारलं, काय दुखतंय का? काय नाय. ताप हाय का? नाय आई, ऊन लागलं. हाताला हात लागला तर तव्यावर लागल्यासारखा. महेशला म्हणलं, अरे बायकोकडं बघ जरा. तो म्हणला, ती मला जवळ येऊ देती का, आई? कधीची पाठ करून झोपती. तेव्हा मला कळलं की नवऱ्याला आवडावं म्हणून जे केलं ते नवऱ्यापासनंच लपवायची पाळी आलेली हाय. पण काय केलं, तेच कळंना.

शेवटी एक दिवस सकाळी पिठात पाणी घालता घालता ती खाली बसली अन् कलंडलीच. दातखिळी नाय, पण थंडी भरलेली, अंग थडथडा उडतंय. मी तिला आत नेलं, दार लावलं. ताई, माझं आयुष्य गेलं बायकांचे हुक काढण्यात अन् लावण्यात, दुकानातल्या त्या पडद्यामागं कुणाकुणाचं अंग बघितलं असंल, पण माझ्या सुनेच्या पाठीवरचा हुक काढताना माझी बोटं चालंनात. काढला. अन् बघितलं.

काय बघितलं ते सगळं सांगत नाय. डावी बाजू लालजर्द, टणक, कातडी ताणून चकाकत होती, अन् खालच्या अंगाला सुयांच्या खुणा, त्यातल्या एकीतनं घाण येत होती. उजवीकडं बी खुणा होत्या. मी म्हणलं, कोमल, हे काय गं माझे आई? तिनं डोळे मिटून घेतले.

रिक्षा केली, मोठ्या दवाखान्यात नेलं. महेशबी आता बापासारखा ओझरलाच कामाला, तिथनं तसाच आला, कामाच्या कपड्यावर. डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याएवढ्या, बोलायला फटकळ. बघितलं अन् त्यांचं तोंड उतरलं. कोमलला विचारलं, काय टोचलंय यात? कोमल गप. पुन्हा विचारलं, तेल होतं, जेल होतं, किती वेळा टोचलं, कुठल्या बाईनं? मी ओरडणार नाही, पण मला कळलं पाहिजे, नाहीतर मी अंधारात चाकू चालवणार, तुझ्या जिवावर बेतेल. कोमल भिंतीकडं बघती. महेश पाया पडायला आला, म्हणला, सांग ना गं, मी चुकलो, मी वाट्टेल ते ऐकतो, सांग. नाय. ओठ शिवल्यावानी बसलेली. ताप वाढतोय, सलाईन लावलंय, नर्सबाई ये-जा करत्यात अन् ही मरायला तयार, पण बोलायला नाय.

ओवी माझ्या कडेवर होती. अन् माझ्या ध्यानात आलं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं की कोमल भिंतीकडं बघायच्या आधी एकदा ओवीकडं बघती. तिच्या डोक्याकडं. दर वेळी. मी सगळ्यांना बाहेर जा म्हणलं. डॉक्टरीणबाई नाय गेल्या, महेश गेला. मी तिच्या कानाशी वाकले, म्हणलं, तुला शपथ घातलीया का? लेकराची?

तिच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. ताई, त्या मॅडमनं, त्या कैदाशिणीनं, प्रत्येक बाईकडनं तिच्या लेकराची शपथ घेतली होती, यायच्या आधी घरी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून यायचं. कुणाला सांगितलं तर लेकराला लागंल. गुरुवारी जाताना कोमल ओवीच्या डोक्यावर हात ठेवायची ते त्याच भयानं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हसू येईल. डॉक्टरीणबाईंनीबी कपाळाला हात लावला. पण मी हसले नाय. माझी एक पोर गेलेली हाय. मला ठाऊक हाय ते भ्या काय असतं.

आमच्याकडं शपथ घालणाऱ्यानंच सोडवायची असती, सुटली म्हणायचं असतं. ती बया कशाला येती सोडवायला? मंग मी ओवीला पलंगावर बसवलं, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला अन् तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणलं, ओवीची आजी हाय मी, तिच्या बापाला मी जन्म दिलाय, माझा अधिकार मोठा. सुटली. शपथ सुटली. लागायचंच असंल तर मला लागंल, माझ्या नातीला नाय. आता बोल.

अन् ती बोलली. हुंदके देत देत सगळं बोलली. बंद गाळा, वरच्या माळ्यावर एक खोली, पडदे लावलेले, त्या बाईनं बिनलेबलाच्या बाटलीतनं काढून टोचलं, म्हणली, आतनं भरलं की आपोआप वर येतं, ऑपरेशन नको, काय नको. दोनदा टोचलं. दुखायला लागलं तेव्हा म्हणली, दुखतंय म्हणजे लागू पडतंय. वंदनाला बी टोचलं का, विचारलं. तर कोमलनं मान फिरवली. म्हणली, तिची शपथ वेगळी हाय आई, तिच्या पोराची, ती मी कशी मोडू.

लगेच आत नेलं, चिरा दिल्या, पू काढला. वाचली. पण डॉक्टरीणबाई म्हणल्या, आतलं सगळं निघत नाही, ते मांसात मिसळलंय, गाठी राहतील, तपासायला येत राहावं लागेल, दुखरं झालं की पुन्हा उघडावं लागेल. डावी बाजू आत बसली, वण पडले. अंगावरचं तर तुटलंच.

घरी सोडायच्या आधी त्या बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं, महेशलाबी बसवलं, म्हणल्या, तू बस, तुझ्यामुळेच झालंय हे. तो खाली मान घालून बसला. त्या म्हणल्या, छाती उतरणं हा आजारच नाही. वय होतं, पोटुशी असताना छाती मोठी होते अन् मग कमी होते, वजन वरखाली होतं, कुणाचं आईकडनंच तसं असतं, आतले धागे अन् कातडी सैल पडते. पाजण्यानं उतरत नाही, उगाच लेकरांचं दूध तोडू नका. चोळून काही वर येत नाही, तेल, मलम सगळं झूट. व्यायाम केला तर खालचा स्नायू भक्कम होतो, खांदे सरळ होतात, बरं दिसतं, पण छाती काही जागची उचलली जात नाही. मापाचं नीट घाला, एवढं पुरतं. अन् कुणाला अगदी नकोच वाटत असेल तर ऑपरेशन आहे, पण ते शिकलेल्या सर्जनकडून, लेकरं-बाळं होऊन गेल्यावर, त्याचे व्रण राहतात अन् वय पुन्हा आपलं काम करतंच. मात्र एकच बाजू एकदम बदलली, गाठ लागली, बोंडशी आत ओढली गेली, तर त्याला उतरली म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

मी म्हणलं, बाई, हे आधी कुणी का सांगत नाय? त्या म्हणल्या, विचारतं कोण?

पोलिसात गेलो. खोलीला कुलूप, फोन बंद, ती मॅडम गेली ती गेलीच. कुणी म्हणतं मालेगावकडं गेली, कुणी म्हणतं इथंच दुसऱ्या वस्तीत बोर्ड लावलाय, नाव बदलून. अन् गल्लीतल्या बायका आमच्याशी बोलंनाशा झाल्या. म्हणायच्या, शकुंतलाच्या, म्हणजे माझ्या, सुनेनं गल्लीचं नाव घालवलं. मी म्हणते नाव तुमचं जाऊ द्या, जीव तर बघा. पण कोण ऐकतंय?

कोमल आता हिंडती-फिरती हाय. महेश तिच्या पट्ट्या बदलतो, तिनंच लय दिवसांनी करू दिलं. पाणीबी तोच गरम करून आणतो. पण मागल्या आठवड्यात ओवीला ताप आला, साधाच, दाताचा. कोमल पोरीला घेऊन माझ्या दारात आली, तोंड पांढरंफटक, म्हणली, आई, खरंच सुटली ना ती? मी म्हणलं, सुटली गं बाई, तुझी सुटली, माझी मी बघते. ताप उतरला दुसऱ्या दिवशी. पण लेकरू शिंकलं तरी दोघी एकमेकींकडं बघतो, हे आता जन्माचं झालं.

अन् चार दिवसांमागं दुकानात वंदना आली. माझ्या भिंतीपलीकडची वंदना, कोमल आजारी पडल्यापासनं आमच्या दारात पाय न ठेवलेली. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाय. म्हणली, शकुंतलाताई, मोठ्या मापाचं द्या, सैल. मी टेप घेतला, पडद्यामागं चल म्हणलं. ती मागं सरकली. म्हणली, माप नको, अंदाजानं द्या. अन् ओढणी धरली होती, अशी, मुठीत, उजव्या बाजूला. कपाळावर घाम, अन् तोच कापरासारखा वास, ताई, बाजारातल्या कुठल्याच तेलाचा नाय तो.

मी म्हणलं, वंदना, सुटली म्हण. तुझ्या पोराची मी माझ्यावर घेते. एकीची घेतलीया, आणखी एक घ्यायला माझं काय जातंय? तिचे ओठ हलले, मला वाटलं आता बोलती. तेवढ्यात बाहेर तिच्या नवऱ्यानं गाडीचा हॉर्न दिला. तिनं पिशवी उचलली अन् गेली. मी पायरीपर्यंत पळत गेले, ओरडले, वंदना, सुटली गं! रस्त्यावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिनं मागं वळून बघितलं नाय.

रोज सकाळी मी भिंतीला कान लावते. तिच्या घरातनं अजून भांड्यांचा आवाज येतो, तोवर मला धीर हाय. दारबी दोनदा ठोठावलं, आतनं तीच म्हणली, झोपलीया मी. उद्या कोमलला घेऊन जाणार हाय, कोमल म्हणली, मी माझं दाखवते तिला, मंग बोलंल ती. माझी सून असं म्हणली, बघा. तुम्ही हे लिहून घेताय ते कुणाच्या हाती पडंल मला ठाऊक नाय, पण ज्या घरात अशी एखादी शपथ बसलेली असंल, त्या बाईला देव वाचा देवो, अन् तिच्या लेकराला माझंबी औक्ष लागो.